ताप उतरल्यावरचा चंदा

चंदा कसा जमतो आणि कसा आटतो, हे मला थोडंफार कळतं. कळंबमधल्या आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या जमाखर्चाची वही गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. पावसाळ्यात छत गळायला लागलं की जुम्म्याच्या नमाजनंतर अंथरलेली चादर नोटांनी भरते. ज्यांच्या डोक्यावर पाणी पडलं तेही देतात आणि ज्यांनी फक्त ऐकलं तेही देतात. पण दुरुस्ती होऊन छत कोरडं झालं, आणि पुढच्या उन्हाळ्यात 'दरवर्षी थोडी डागडुजी करत राहू, त्यासाठी महिन्याला वीस-वीस रुपये द्या' असं म्हटलं, की लोक माझ्याकडे असं बघतात जणू मीच काहीतरी खाऊन बसलोय. "अब तो टपकता नहीं ना भाई?" असा सरळ प्रश्न येतो. त्याला माझ्याकडे उत्तर असतं, पण ते ऐकायला कुणी थांबत नाही.

आज मला लिहायचंय ते मात्र मलेरियाबद्दल. जगभरातले देश, बँका, संस्था आणि दानशूर लोक एकत्र येऊन या तापाशी लढायला पैसा जमवतात, तो पैसा कोण सांभाळतो, आणि तो मधेच का आटतो, याबद्दल. तुम्ही म्हणाल, कळंबच्या माणसाला जिनिव्हाच्या तिजोरीशी काय देणंघेणं? पण त्या तिजोरीचा आणि आपल्या घरांच्या भिंतींचा संबंध सत्तर वर्षं जुना आहे. माझ्या दादीने तो पाहिला होता.

दादी मलेरिया म्हणायची नाही. तिच्या बोलीत तो 'जाडा' होता, शेजारच्या मराठी घरांत 'हिवताप'. पाऊस सरला, वावरात कापूस फुटायला लागला की जाडा यायचा. म्हणजे नेमका वेचणीच्या दिवसांत, हातांची सगळ्यात जास्त गरज असताना. एक दिवसाआड थंडी वाजून ताप भरायचा, गोधड्यांवर गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे. इंग्रजांच्या काळात टपाल कचेऱ्यांतून क्विनीनच्या पुड्या विकल्या जात. त्या कडू 'कुनैन'चं नाव काढलं तरी दादीचं तोंड वाकडं व्हायचं. तिचा पहिला मुलगा, म्हणजे माझे सगळ्यात मोठे चाचा, अशाच तापात गेले. त्यांचं वय ती बोटांवर मोजून सांगायची, वर्षांत नाही, ईदांमध्ये. तीन ईदा त्यांनी पाहिल्या होत्या.

ही एका घराची गोष्ट नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची लोकसंख्या 33 कोटींच्या आसपास होती, आणि दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होत असावा, आठ लाख लोक त्यात मरत असावेत, असा तेव्हाचा अंदाज आहे. इतक्या मोठ्या आजाराशी लढायला नव्या देशाकडे पैसा नव्हता. 1953 साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो अमेरिकेशी भागीदारी करून. डीडीटी, फवारणीचे पंप, गाड्या, औषधं यांचा मोठा वाटा तिकडून आला. माणसं आणि मेहनत आपली. तेव्हा आपला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि 1960 ला महाराष्ट्रात आलो. राज्यं बदलली, फायली एका राजधानीतून दुसरीकडे गेल्या, पण पंप घेऊन येणारे लोक येत राहिले.

दादीच्या आठवणीत ते 'डीडीटीवाले' होते. ते आले की घरातली भांडी, पीठ, कुराण शरीफ, पाळणा सगळं अंगणात काढायचं. पडद्यातल्या बायका एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाऊन बसायच्या. भिंतींवर पांढरा थर बसायचा, आणि जाताना ते लोक दाराशी फवारणीची तारीख लिहून जायचे. त्यामागचं शास्त्र साधं होतं. मलेरियाचा डास रात्री माणसाला चावतो आणि रक्ताने जड झालेलं शरीर घेऊन जवळच्या भिंतीवर टेकतो. त्या भिंतीवरच विष असेल तर तो दुसऱ्या माणसापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच फवारणीनंतर भिंती सारवू नका, असं ते बजावून सांगायचे. पण ईद आणि दिवाळी काय फवारणीचं वेळापत्रक पाहून येतात? बायका सारवायच्या, आणि परदेशातून आलेलं डीडीटी आपल्या मातीखाली गाडलं जायचं.

त्याच काळात अमेरिकेचा गहूही घरात यायला लागला. पीएल-480 या करारातला तो गहू जुन्या लोकांना आठवत असेल. त्या धान्याच्या विक्रीतून भारतात जे रुपये जमत, त्यातला काही भाग मलेरियाच्या कामालाही लागला. म्हणजे आपल्या दादी-नानींनी ज्या गव्हाच्या पोळ्या लाटल्या, त्याच्या किमतीतले काही पैसे त्यांच्याच भिंतींवर फवारून परत आले. आंतरराष्ट्रीय भागीदारी हा शब्द आज मोठा वाटतो, पण चुलीपर्यंत आली तेव्हा ती अशी दिसत होती.

आणि तिने काम केलं. मुंबई राज्यात मलेरियाविरोधी मोहीम उभी करणारे डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी 1958 साली एक इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याचं शीर्षकच भारतातल्या मलेरियावरच्या विजयाचं आणि भारत-अमेरिका सहकार्याचं होतं. त्याच वर्षी 'नियंत्रण' हा शब्द बदलून 'निर्मूलन' आला. 1965 पर्यंत साडेसात कोटींचा आकडा एक लाखाच्या घरात उतरला होता. मृत्यूची नोंद शून्य. घरातली पुढची पोरं जगली. माझे अब्बा त्यांतलेच एक.

मग काय झालं? छत कोरडं झालं. आता टपकत नाही ना?

जागतिक आरोग्य संघटनेने 1955 साली साऱ्या जगातून मलेरिया संपवण्याची मोहीम जाहीर केली होती. 1969 साली तिने ते ध्येय बाजूला ठेवलं. मोहिमेचा मोठा देणगीदार अमेरिका होता, आणि दरवर्षी तेवढाच पैसा देण्याचा त्याचा उत्साह 1960 च्या दशकातच ओसरला होता. इकडे भारतात ज्या भागांत रुग्ण जवळपास संपले, तिथली खास पथकं काढून काम साध्या आरोग्य केंद्रांकडे सोपवलं गेलं, आणि ती केंद्रं पुष्कळ ठिकाणी धड उभीच राहिली नव्हती. डीडीटी वेळेवर येईना. डासांनाही त्याची सवय झाली होती. 1976 साली देशात 64 लाखांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. एक लाखावरून 64 लाख, अवघ्या 11 वर्षांत.

शेजारच्या श्रीलंकेची गोष्ट याहून बोलकी आहे. 1963 साली त्या पूर्ण देशात मलेरियाचे फक्त 17 रुग्ण सापडले. फवारणी आवरती घेतली गेली. 1968 आणि 69 मध्ये तिथे पाच लाखांवर लोक तापाने पडले. ज्या वर्षी 17 रुग्ण होते, त्या वर्षी कुणी अर्थमंत्री सतरा माणसांसाठी कोट्यवधी रुपये मागत असेल तर त्याला लोक काय म्हणाले असतील, याची मला चांगली कल्पना आहे. श्रीलंका पुन्हा कामाला लागली. 2016 साली तिला मलेरियामुक्त देशाचं प्रमाणपत्र मिळालं. मधली जवळपास पन्नास वर्षं ही थोडे पैसे वाचवल्याची किंमत होती.

1998 साली जगाने पुन्हा एकदा कंबर कसली. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि जागतिक बँक या चौघांनी मिळून 'रोल बॅक मलेरिया' नावाची भागीदारी सुरू केली. 2010 पर्यंत मलेरिया निम्मा करायचा, असं ठरलं. घोषणा मोठी होती, चार मोठी नावं होती. पण 2002 साली बाहेरच्या तज्ज्ञांनी तिचं मूल्यमापन केलं तेव्हा एक दुखणं पुढे आलं. भागीदारी फार सैल होती. सगळे भागीदार, पण जाब कुणी द्यायचा हे स्पष्ट नाही. ज्यांनी कधी कुठली कमिटी चालवली असेल त्यांना हे लगेच समजेल. चार घरचा पाहुणा उपाशी, असं आपण म्हणतो. पुढे तिचं नियामक मंडळ झालं, नंतर 2015-16 मध्ये ते मंडळ आणि सचिवालय दोन्ही नव्याने बांधावं लागलं, बिऱ्हाडही जागतिक आरोग्य संघटनेकडून हलवून संयुक्त राष्ट्रांच्या दुसऱ्या एका कार्यालयाकडे न्यावं लागलं. डासाविषयी आपल्याला 1897 पासून माहीत आहे, रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादमध्ये ते शोधून काढलं. पण तिजोरीची किल्ली कुणाकडे असावी, हे ठरवायला जगाला त्यानंतरही शंभर वर्षं पुरली नाहीत.

2002 मध्येच जिनिव्हात 'ग्लोबल फंड' उभा राहिला. एड्स, क्षयरोग आणि मलेरिया या तीन आजारांसाठी जगभरातून पैसा गोळा करून देशांना द्यायचा. त्याची पद्धत मला आवडते. देशोदेशी कार्यालयं थाटायची नाहीत. देशाने स्वतःची समिती करून मागणी करायची, हिशोब तपासायला त्रयस्थ माणूस नेमायचा, आणि काम दिसलं तर पुढचा हप्ता. या फंडाकडून भारताने घेतलंही आहे आणि त्याला दिलंही आहे. 2019 साली भारताने 2 कोटी 20 लाख डॉलर देण्याचं जाहीर केलं होतं. 1953 चा घेणारा देश आता चादरीत नोट टाकणाऱ्यांत आहे, ही बाब मला अभिमानाची वाटते.

पण याच फंडाची एक गोष्ट मला वही लिहिताना नेहमी आठवते. 2010 च्या सुमारास त्याच्याच तपास अधिकाऱ्यांनी माली आणि मॉरिटानिया या देशांतल्या कामांत अफरातफर पकडली. दोन्ही मुस्लीमबहुल, दोन्ही गरीब देश. फंडाने ते लपवलं नाही, स्वतःच्या अहवालात छापलं. 2011 च्या सुरुवातीला ती बातमी जगभर गाजली, आणि जर्मनी, स्वीडन यांसारख्या देणगीदारांनी आपले हप्ते रोखून धरले. जगात मंदीचे दिवस होतेच. त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये फंडाला नव्या अनुदानांची अख्खी फेरी रद्द करावी लागली. चोरी केली काही लोकांनी, पकडली फंडाने, आणि शिक्षा झाली ती मच्छरदाणीची वाट पाहणाऱ्या बाळाला. अमानतीत खयानत हे आपल्याकडे मोठं पाप मानतात. पण खयानत सापडली म्हणून अमानत ठेवणंच बंद करणं, हा त्यावरचा इलाज नव्हे. चोराला काढा, वही आणखी उघडी करा, पण चादर उचलू नका.

आपल्या देशातही हे झालेलं आहे. 1997 पासून 2005 पर्यंत जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्रासह आठ राज्यांच्या आदिवासी भागांत मलेरियाचा मोठा प्रकल्प चालला. 2006 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात काही अभ्यासकांनी बँकेवर टीका केली, की तिने दाखवलेलं यश खरं नाही, आणि जिथे क्लोरोक्विन चालेनासं झालं होतं तिथेही तेच औषध पुरवलं गेलं. बँकेने आरोप नाकारले. पण 2008 मध्ये बँकेच्याच तपासणीत भारतातल्या पाच आरोग्य प्रकल्पांत गैरव्यवहाराची चिन्हं आढळली, आणि त्यांत हा प्रकल्पही होता. शिवाय हे दान नव्हतं, कर्ज होतं. म्हणजे पैसा कुठे गेला हे विचारण्याचा हक्क कळंबच्या माणसालाही होता. आपल्यापैकी किती जणांना त्याची खबर होती?

भागीदारीत पैशाइतकीच लागणारी दुसरी गोष्ट म्हणजे भरवसा. आपल्या जिल्ह्यात 'फवारणी' या शब्दाला 2017 पासून वेगळाच वास आहे. त्या वर्षी कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर गेले. त्यानंतर पंप घेऊन दारात आलेल्या माणसाला आत घेताना एखादी म्हातारी दोनदा विचार करत असेल, तर तिला अडाणी म्हणू नये. तिला समजावून सांगणारा माणूस तिच्या ओळखीचा हवा. नायजेरियात हे ओळखून सोकोटोचे सुलतान आणि कॅथलिक आर्चबिशप यांनी मिळून एक आंतरधर्मीय संस्था उभी केली. इमाम आणि पाद्री यांना एकत्र बसवून मलेरियाचं शिक्षण दिलं गेलं, आणि मग तीच गोष्ट मशिदीत आणि चर्चमध्ये सांगितली गेली. ज्या देशात या दोन समाजांत रक्त सांडलेलं आहे, तिथे एका मच्छरदाणीने दोघांना एका सतरंजीवर आणलं. डास काही नाव विचारून चावत नाही.

आज परिस्थिती अशी आहे. 2023 साली जगात 26 कोटींवर लोकांना मलेरिया झाला आणि सहा लाखांच्या जवळपास मेले, बहुतेक आफ्रिकेत, त्यांत लहान मुलं सगळ्यात जास्त. त्या वर्षी लढ्याला 8.3 अब्ज डॉलर हवे होते, जमले 4 अब्ज. म्हणजे निम्मेही नाहीत. त्यात जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत थांबवली. 2005 पासून तिचा मलेरियासाठी स्वतंत्र कार्यक्रम चालू होता, त्याचीही कामं अडकली. ज्या देशाच्या डीडीटीने माझे अब्बा वाचले असं मी मानतो, त्याच देशाच्या एका सहीने आज कुठल्या गावातली गोळी थांबली असेल, याचा विचार केला की वही बंद करावीशी वाटते.

भारतात मात्र चित्र वेगळं आहे. 2015 साली देशात साडेअकरा लाखांवर रुग्ण नोंदले गेले होते, 2023 मध्ये ते सव्वादोन लाखांच्या आसपास आले. 2027 पर्यंत देशात उगम पावलेला एकही रुग्ण नसावा आणि 2030 पर्यंत मलेरिया संपावा, असं सरकारचं ठरलेलं आहे. आपल्या विदर्भात गडचिरोलीत तो अजून ठाण मांडून आहे, आपल्या यवतमाळकडे त्या मानाने कमी. आणि भीती नेमकी इथेच आहे. आपण 1965 च्या जवळ येतोय. आता पैसा मागायला कुणी परका उरला नाही, बहुतेक आपलाच आहे. तो मधेच आटला तर दोष द्यायलाही कुणी परका नसेल.

कळंबपुरतं बोलायचं तर, वेचणीला बाहेरगावचे मजूर येतात, 2024 पासून वर्ध्याहून रेल्वेही आली. माणसं येणार, जाणार, ते चांगलंच आहे. त्यांच्या रक्तातून मलेरियाचा जंतूही प्रवास करू शकतो, आणि त्याला पुढे न्यायला डास आपल्याकडे आहेच. म्हणून गावात एकही रुग्ण नसताना बोटाला सुई टोचून रक्त तपासणारा आरोग्यसेवक हा बिनकामाचा माणूस नाही. काही सापडत नाही तरी तो फिरतोय, हेच त्याचं काम. चक्रवतीच्या काठची डबकी, कोलाम पोडांवरचे पाण्याचे साठे, मशिदीतला वजूचा हौद, सगळं त्याने पाहायला हवं. आमच्या हौदात गप्पी मासे सोडलेत. लहान पोरं वजू करताना त्यांना धरायला बघतात आणि मुअज्जिनसाहेबांची बोलणी खातात. डासाच्या अळ्या खाणारे हे मासे कुणाकडे चंदा मागत नाहीत.

आपल्याकडे वक्फची कल्पना आहे. मदिनेत पाण्याची टंचाई असताना हजरत उस्मान (रजि.) यांनी रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्यांसाठी खुली केली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्यातली खरी अक्कल मला विहीर घेण्यात जेवढी दिसते, तेवढीच ती पुढे चालू ठेवण्यात दिसते. तहान लागली त्या दिवशी पाणी विकत घेणं वेगळं, आणि तहान नसतानाही विहीर गाळाने भरू नये म्हणून व्यवस्था लावून जाणं वेगळं. वक्फ म्हणजे ही दुसरी गोष्ट. जगाला मलेरियासाठी तशाच पैशाची गरज आहे. देणाऱ्याच्या मूडवर, निवडणुकीवर किंवा बातमीवर न चालणारा, आणि ज्याची वही कुणालाही उघडून पाहता येईल असा पैसा.

वाचकहो, नगरपंचायतीत, जिल्हा परिषदेत, किंवा तुमच्या गावच्या ग्रामसभेत येत्या वर्षी एक प्रश्न विचारा. मलेरियाचे रुग्ण किती, हा नको, तो सगळेच विचारतात. असं विचारा, की रुग्ण नाहीत म्हणून या वर्षी तपासणीचं कुठलं काम कमी केलं? कुणाची जागा रिकामी ठेवली? उत्तर लिहून घ्या, आणि पुढच्या वर्षी तोच प्रश्न पुन्हा विचारा. मला तीन ईदा पाहून गेलेले चाचा आठवतात. त्यांची कबर कळंबच्या कब्रस्तानात नेमकी कुठे आहे, हे सांगणारं आता कुणी राहिलं नाही.